कुत्र्याला धरून बस

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. मला होतं, पण ते कुणी वापरत नसे. कुत्र्याला 'यू यू' म्हटलं की ते यायचं आणि मला 'लंगडे' म्हटलं की मी जायची. गावात याचं कुणाला काही वाटत नसे. आंधळ्याला आंधळा म्हणायचे, बहिऱ्याला बहिरा म्हणायचे, टकल्या पाटलाला मात्र पाटील म्हणायचे. आता सरकारी कागदावर माझ्या नावापुढं 'अपंग' लिहितात. शब्द जरा अंघोळ करून आलेला आहे, एवढाच फरक. बाकी एस.टी.त चढताना मागचा माणूस जसा चुकचुकतो, तसाच अजून चुकचुकतो.

मी तीन वर्षांची असताना मला ताप आला. पाचव्या दिवशी तो उतरला आणि उतरताना माझा डावा पाय घेऊन गेला. गाव म्हणालं, पायावरून वारं गेलं. आमची आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर आमच्याच घरी राहायला आलेली होती. ती म्हणाली, पोरीचा पायगुण. त्याच साली आमची एक म्हैस मेली होती. ताप मला आला, पाय माझा गेला आणि तरी म्हैस मेली ती माझ्या पायगुणानं, हा हिशेब आत्याचा तिलाच ठाऊक. पण घरात तो सगळ्यांना पटला होता. मलासुद्धा बरीच वर्षं पटलेला होता.

आमचं गाव तीर्थपुरीच्या बाजारापासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य होतं. मी आठ वर्षांची झाले तेव्हा वडिलांनी मला बैलगाडीत घालून जालन्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा पाय उलटासुलटा करून पाहिला आणि जाड तळव्याचा एक बूट दिला. बुटाच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या होत्या, त्या गुडघ्याच्या वरपर्यंत यायच्या आणि तिथं चामड्याच्या रुंद पट्ट्यानं मांडीला आवळायच्या. तो पट्टा बांधला की मी चालायची. तो नसला की मला दोन हात आणि एक पाय यांवर सरपटावं लागे.

त्या दवाखान्याच्या आवारात बाईंचं एक कुत्रं फिरत होतं. त्याच्या गळ्यातही चामड्याचा पट्टा होता. कुत्र्याच्या गळ्यात असलं काही मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी तिथल्या माळ्याला विचारलं, हे काय. तो हसून म्हणाला, "पट्टा. तुझ्या पायातला आन् याच्या गळ्यातला, दोन्ही एकाच चामड्याचे." मला त्या बोलण्याचा राग आला नाही. घरी येईपर्यंत मी गाडीत ते वाक्य मनात घोळवत होते. पुढं त्या पट्ट्याचं बक्कल तुटलं, तेव्हा गावातल्या चांभारमामांनी त्याला चामड्याच्या दोरीसारखी वादी लावून दिली. बक्कल अडकवण्याऐवजी गाठ मारावी लागे, एवढंच.

कुत्रं आमच्याकडं आलं ते त्यानंतरच्या वर्षी. कडब्याच्या गंजीखाली एक कुत्री व्याली होती, पिल्लं कुणी कुणी नेली, एक राहिलं. तांबूस रंगाचं, एक कान पडलेला. ते राहिलं कारण ते पळून कुठं गेलं नाही, आणि माझ्याजवळ राहिलं कारण मीही पळून कुठं जात नव्हते. दिवसभर मी ओसरीवर बसून शेंगा फोड, वाती वळ, मिरच्यांची देठं काढ असली कामं करायची आणि ते माझ्या वाळलेल्या पायावर हनुवटी टेकून पडायचं. त्या पायाला घरात कुणी हात लावत नसे. आत्या तर ओसरीवरून जाताना लुगडं आवरून घ्यायची. कुत्र्याला त्याचं काही नव्हतं. त्याला माझी कीवही नव्हती. त्याला माझ्या ताटातली ताकात भिजवलेली ज्वारीची भाकरी पाहिजे होती आणि ती देऊन झाल्यावर आणखी एक पाहिजे होती.

लबाडही होतं. चुलीपाशी ठेवलेलं दूध त्यानं दोनदा सांडलं होतं, आणि एकदा आत्याची वहाण नेऊन उकिरड्यावर ठेवली होती. हे मी त्याला शिकवलं असं आत्याचं म्हणणं होतं. शिकवलं नव्हतं, पण शिकवायला आवडलं असतं. त्याची एकच खोड घरादाराला नडायची. अनोळखी माणूस, त्यातून पागोटं घातलेला, अंगणात आला की ते डोकं उठेपर्यंत भुंकायचं. गावच्या न्हाव्याच्या धोतराचा सोगा त्यानं एकदा फाडून हातात दिला होता.

माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण होती. सगळं घर जिच्यावरून ओवाळून टाकावं अशी गोरी, नाकेली. ती दहा वर्षांची झाली आणि तिला बघायला पाहुणे येऊ लागले. त्या काळात ते वय लग्नाचंच होतं. माझ्यासाठी कुणी यायचा प्रश्नच नव्हता, आणि तेव्हा मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पावसाळ्यात पेरणीला आपल्याला कुणी बोलावत नाही, तसंच ते.

पहिल्यांदा पाहुणे येणार होते त्या दिवशी माय सकाळीच माझ्याजवळ येऊन बसली. माझी वेणी घातली. मग म्हणाली, "बाई, तुला एक काम हाय. पाहुणे येऊन राह्यलेत, आन् हे कुत्रं लई भुंकतं. बांधलं तर गळा काढतं. तुझ्यापाशीच तेवढं गप बसतं. तू गोठ्यात जा आन् कुत्र्याला धरून बस."

माझ्या छातीत किती अभिमान दाटला होता ते आता सांगायला लाज वाटते. घरात कार्य होतं आणि त्यात मला काम होतं. ते काम दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. मी गोठ्यात बैलांच्या पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसले, कुत्र्याच्या गळ्यात हात टाकला आणि पाहुणे जाईपर्यंत हात काढला नाही. कुडापलीकडून सगळं ऐकू यायचं. बहिणीला पाटावर बसवायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे, शेवटी पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, पोरगी जरा चालून दाखवू द्या. मग तिच्या पायांतल्या तोरड्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत जायच्या आणि परत यायच्या. मी त्या मोजत बसायची. पंधरा पावलं जाताना, पंधरा येताना.

पाहुणे गेले की माय भाकरी घेऊन गोठ्यात यायची. मी विचारायची, "भुंकलं न्हाई नं, माय?" ती म्हणायची, "न्हाई बाई. बिलकुल भुंकलं न्हाई. तू होतीस म्हणून." मग आम्ही तिघंही ती भाकरी खायचो, कारण मायही माझ्यासाठी थांबून उपाशीच असायची.

असे पाहुणे दीड वर्षात चार वेळा आले. कुठं देण्याघेण्यावरून फिसकटलं, कुठं पत्रिकेवरून. चारही वेळा मी कुत्र्याला धरून बसले. एकदा एका पाहुण्याला बैल पाहायचे होते. बैल बघून घराची ऐपत ओळखायची, ही आमच्याकडची रीतच. पण वडील त्यांना गोठ्याच्या दाराशीच अडवून म्हणाले, "आत चावरं कुत्रं हाय, नका जाऊ." कुत्र्यानंही आतून एकदा गुरगुरून दाखवलं, आणि पाहुणे मागं फिरले. कुत्र्याला धरलेलं असताना वडिलांनी असं का सांगावं, एवढा विचार करण्याइतकी मी मोठी होते. पण मी तो केला नाही.

पाचवे पाहुणे ठरले ते अंबडकडचे. घर चांगलं होतं, विहीर होती, मुलगा एकुलता होता. घरात सगळ्यांनी श्वास रोखून धरलेला. त्याच आठवड्यात आमच्या शिवारात एक पिसाळलेलं कुत्रं फिरलं आणि शेजारच्या गावात दोघांना चावलं. तालुक्याहून कुत्री मारण्याचा हुकूम निघाला.

हुकूम नेहमीप्रमाणे उर्दूत होता. पटवाऱ्यानं तो वाचला, कोतवालाला मराठीत सांगितला आणि कोतवालानं हलगी वाजवत गावभर दवंडी दिली: "ज्याला पट्टा न्हाई, त्याचं कुत्रं मारल्या जाईल हो." मूळ कागदात कुत्र्याच्या गळ्याची गोष्ट असणारच. ती पटवाऱ्याच्या तोंडातून सांडली की कोतवालाच्या, ते आता कुणाला विचारणार. पण आमच्या मुलखात पट्टा म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायची, ती म्हणजे जमिनीचा पट्टा. सरकारात ज्याच्या नावानं जमीन लागलेली तो पट्टेदार. त्याला चावडीवर बसायला जागा मिळे. ज्याच्याकडं पट्टा नाही तो दुसऱ्याचं रान कसणारा, तो चावडीवर उभा राही. कुत्र्याच्या गळ्यात कुणी पट्टा बांधतं, हे गावात कुणाच्या गावीही नव्हतं.

त्यामुळं झालं असं, की ज्यांना जमीन नव्हती त्यांनी आपापली कुत्री तासाभरात गावातून हलवली. कुणी रानातल्या खोपीत नेऊन बांधलं, कुणी पाहुण्याच्या गावी धाडलं. त्यांना सरकारकडून चांगलं काही येण्याची सवयच नव्हती, म्हणून ते वाचले. पट्टेदार मात्र ओसरीवर पाय पसरून बसले. आमचे वडील आत्याला म्हणाले, की आपला पट्टा आजोबांच्या वेळेपासूनचा, आपल्या कुत्र्याला कोण हात लावतो.

मी शेंगा फोडत होते. मी म्हणाले, "बाबा, जमिनीचा पट्टा न्हाई. गळ्यातला. दवाखान्यातल्या कुत्र्याला मी पाहिल्ता."

वडील काही बोलण्याआधी आत्या म्हणाली, "पाय गेला तव्हा अक्कलबी संगंच गेली का हिची?"

सगळे हसले. वडीलही थोडे हसले. बहीण हसली, पण ती कशालाही हसायची. मी आणखी एकदा सांगून पाहिलं, तेव्हा वडील म्हणाले, बस झालं, आपलं काम कर. या गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही. जालन्याचा तो दवाखाना आमच्या घरात मी आणि वडील, दोघांनीच पाहिलेला होता, आणि त्यांना ते कुत्रं आठवत नव्हतं. मला आठवत होतं. पण माझ्या तोंडातून निघालेला शब्द माझ्या पायावरून जोखला जायचा. पुढं पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर मी शिकले, शाळेत बाई झाले, तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवली, तरी हे पुरतं थांबलं नाही. मी काही बोलले की समोरचा माणूस आधी खाली बघतो.

कुणी ऐकत नाही म्हटल्यावर मी माझ्यापुरतं ठरवलं. कुत्र्याला पट्टा बांधायचा. मी पाहिलेला पट्टा चामड्याचा होता, आणि आमच्या घरात चामड्याचा पट्टा एकच होता. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गोठ्यात बसून मांडीवरचा पट्टा सोडला आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधला. दोन वेढे बसले. कुत्र्यानं आधी मान झटकली, पंज्यानं खाजवून पाहिलं, मग त्याला त्याची सवय झाली आणि ते ऐटीत अंगणात फिरून आलं. मी बूट बाजूला ठेवला आणि सरपटत ओसरीवर आले. हातांना खडे टोचत होते, पण मी खुशीत होते.

मायला ते दिवेलागणीच्या आधी दिसलं. आधी तिला मी दिसले, अंगणातून सरपटत येणारी, मग कुत्रं दिसलं. ती रागावली नाही. कुत्र्याला जवळ घेऊन पट्टा सोडता सोडता ती मला समजावत होती. उद्या पाहुणे येणार, घरात बायांची ये-जा असणार, अशी सरपटत गोठ्यात गेलीस तर कुणाच्या तरी नजरेस पडशील. बूट घालून मागच्या बाजूनं झटक्यात जाता आलं पाहिजे. मी म्हणाले, आणि शिपाई आले तर?

"उद्याचा दिस तेवढा जाऊ दे बाई," माय म्हणाली. "परवा बांध. मी सवता बांधून दीन."

तिनं फळ्या माझ्या पायाला लावल्या, पट्टा आवळला आणि वादीला दुहेरी गाठ मारली. मी पुन्हा सोडू नये म्हणून.

शिपाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. दोघं होते, एकाच्या खांद्याला झोळी. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, पाहुण्यांसाठी आणलेले. कुत्रं गल्लीच्या तोंडाशी ऊन खात पडलं होतं. शिपायानं झोळीतून मटणाचा तुकडा काढला तेव्हा वडील अंगणात होते. ते पुढं होऊन म्हणाले, की आमचा पट्टा आहे, थांबा, दाखवतो, आणि पेटीतला कागद आणायला आत धावले.

मी हाका मारल्या. यू यू, यू यू. एरवी माझ्या एका हाकेला येणारं ते कुत्रं. पण समोर मटण होतं, आणि आमच्या घरात मटण वर्षातून दोनदा शिजायचं. मी पट्टा सोडायला बसले. पट्टा त्याच्या गळ्यात असला म्हणजे ते सोडतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गाठ सुटेना. मायनं दुहेरी मारलेली. मी दातांनी ओढली, नखं मोडली, शेवटी ती सुटली आणि मी पट्टा हातात घेऊन सरपटत गल्लीत गेले. तोवर कुत्र्यानं तुकडा खाऊन मिश्याही चाटल्या होत्या.

वडील कागद घेऊन बाहेर आले. घडी उलगडून त्यांनी तो शिपायापुढं धरला. शिपायानं कागद वाचला, वडिलांकडं पाहिलं आणि म्हणाला, "ये कागज कुत्ते के गले में था क्या, बाबा?" तो हसत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं हा माणूस काय दाखवतोय. मग त्याला मी दिसले, मातीत बसलेली, आणि माझ्या हातातला पट्टा दिसला. तो म्हणाला, "अरे, ये है पट्टा. कल क्यों नहीं बांधी बेटी?"

"काल बांधल्ता," मी म्हणाले.

माय दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. ती जिथं होती तिथंच राहिली, पुढंही आली नाही आणि आतही गेली नाही.

कुत्रं लगेच मेलं नाही. ते उठून दोन पावलं चाललं आणि त्याचा मागचा पाय ओढू लागला. डावाच. मग दुसरा. मग ते माझ्यासारखंच सरपटत माझ्याकडं आलं, माझ्या त्या पायापर्यंत. तिथं ते ताठ झालं. मी मोठ्यानं रडले असेन, कारण आत्या बाहेर येऊन म्हणाली, की आज शुभ दिवस आहे, तोंड आवर. शिपाई पुढच्या गल्लीत गेले. आमच्या समोरच्या घरी एक कुत्रं साध्या दाव्यानं खुंटीला बांधलेलं होतं. पट्टा वगैरे काही नव्हता, गळ्यात नुसतं दावं. शिपायांनी त्याच्याकडं पाहिलं आणि ते पुढं गेले. दावं चाललं असतं. आमच्या गोठ्यात बैलांची दावी सहा होती. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. त्यानंतर मी सात कुत्री पाळली, सगळ्यांना पट्टे केले, आणि प्रत्येक पट्टा बांधताना मला ती सहा दावी दिसत आली.

वडिलांनी कुत्र्याला गावाबाहेर नेऊन पुरलं. परत येऊन त्यांनी हातपाय धुतले, नवं पागोटं घातलं. सडा पडला. बहिणीला न्हाऊ घातलं. मी ओसरीवर तशीच बसले होते. उन्हं कलायला लागली, पाहुण्यांची गाडी वेशीत आल्याचा निरोप आला आणि माय लगबगीनं माझ्याकडं आली. खाली बसून तिनं माझ्या पायाला फळ्या लावल्या, पट्टा बांधला, आणि बांधता बांधता तिच्या तोंडून ते वाक्य सवयीनं निघालं.

"जा बाई, गोठ्यात जा. कुत्र्याला धरून…"

ती थांबली. तिचे हात वादीवर तसेच राहिले. मी तिच्याकडं पाहिलं आणि तिनं मान वर केली नाही. तेवढ्यात आत्यानं आतून हाक मारली, की लंगडीला हलवा आधी, गाडी आली. माय उठून आत गेली.

मी गेले. मागच्या बाजूनं, झटक्यात. माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि तेव्हा, तेरा वर्षांची झाल्यावर, मला कळलं की मला इथं कशाला बसवतात. एवढी ढब्बू होते मी. चार वेळा मी ज्याला धरून बसले होते, त्यालाच मला लपवायला बसवलेलं होतं. मायनं ते निमित्त किती विचार करून शोधलं असेल, हेही तेव्हाच कळलं. आत्याच्या तोंडून ऐकावं लागू नये म्हणून तिनं मला एक काम दिलं होतं. माझं कुत्रं गेलं आणि तिचं निमित्त गेलं. ते तिच्याच हातानं गेलं होतं. पण तेव्हा मला तिची दया आली नाही, मला तिचा राग आला.

तोरड्या वाजल्या. पंधरा गेल्या, पंधरा आल्या. मग पावलांचा आवाज गोठ्याकडं येऊ लागला. मुलाच्या म्हाताऱ्या वडिलांना बैल बघायचे होते. आणि आज त्यांना अडवायला आत चावरं कुत्रं नव्हतं. ते सरळ आत आले, मागून आमचे वडील. बैलांच्या पाठीवर हात फिरवत ते पलीकडं वळले आणि त्यांना मी दिसले.

"ही कुणाची पोर?" त्यांनी विचारलं.

"सालगड्याची," वडील म्हणाले. ते जरासुद्धा अडखळले नाहीत. "कुत्रं सांभाळायला असती."

"कुत्रं कुठं दिसंना."

"आज सकाळीच मेलं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं, मग रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं. "मंग ही काय करून राह्यली इथं?"

वडिलांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. मी पाय पदराखाली ओढून घेतले, शेजारच्या शेणात दोन्ही हात घातले आणि म्हणाले, "शेण भरून राह्यले जी." म्हातारा मानेनं बरं म्हणाला. बैलांचे दात बघून ते दोघं बाहेर गेले. जाताना वडिलांनी मागं वळून पाहिलं नाही. पुढं आयुष्यात त्यांनी मला कधी लंगडी म्हटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नावानं हाक मारली असंही नाही. ते मला हाकच मारीनासे झाले.

सुपारी फुटली. गुळाचा खडा सगळ्यांना मिळाला. पाहुण्यांची गाडी गेली आणि तिन्हीसांजेला माय भाकरी घेऊन गोठ्यात आली. एक भाकरी माझी, एक तिची, आणि सवयीनं आणलेला एक चतकोर. तो तिनं पाहिला आणि पदराखाली घेतला.

मी म्हणाले, "भुंकलं न्हाई नं, माय?"

भाकरी शेजारच्या उपड्या घमेल्यावर ठेवून ती माझ्यापुढं बसली आणि माझ्या पायाची वादी सोडू लागली. गाठ तिनंच मारलेली, तिलाही सुटत नव्हती.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "बिलकुल भुंकलं न्हाई. तू होतीस म्हणून."

ही आठवण मी बहिणीला आणि तिच्या लेकींना अनेकदा सांगितली आहे. सांगताना दर वेळी मी म्हणते, की मायला बरं वाटावं म्हणून मी तसं विचारलं. ते खोटं आहे. तिला लागावं म्हणून विचारलं होतं, आणि तिला लागलं. वादी सुटल्यावर तिनं पट्टा हातात घेतला आणि माझ्या शेजारी, कुत्रं बसायचं त्या जागेवर, अंधार पडेपर्यंत तो धरून बसून राहिली.